सायकलीची वाट आणि रिकामी जागा

शहरात सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग असावेत, याविषयी हैदराबादेत आज फारसा कोणी वाद घालीत नाही. मंत्र्यांपासून डॉक्टरांपर्यंत आणि अभियंत्यांपासून संपादकांपर्यंत सर्वांचे त्यावर एकमत दिसते. वकिलीच्या धंद्यात इतके एकमत आढळले की आम्ही दस्तऐवज पुन्हा एकदा वाचून पाहतो. कारण महत्त्वाचे कलम अशा वेळीच वाचायचे राहून गेलेले असते. येथे राहून गेलेले कलम एका शब्दाचे आहे. मार्ग असावेत हे ठरले. ते कोठे असावेत, हे विचारावयाचे राहिले.

मेट्रोची गोष्ट आठवावी. तिचा मार्ग सुलतान बाजारातून न्यावा की वळवावा, विधानसभेसमोरून न्यावा की आडबाजूने, यावर या शहरात वर्षानुवर्षे रणे माजली. सरकारनेही आपले मत बदलून पाहिले. अखेर फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच सुलतान बाजारातून गाडी धावू लागली. त्या वादात पुष्कळ कटुता होती, स्वार्थही होता. परंतु बाजारात अडचण होते म्हणून मेट्रो गावाबाहेरच्या माळावर बांधावी, असे कोणी सुचविल्याचे मला स्मरत नाही. भांडण वळणाचे होते. लोक जेथे आहेत तेथूनच गाडी जावयास हवी, एवढे दोन्ही पक्षांनी गृहीत धरले होते.

सायकलीच्या वाट्याला मात्र माळच आला. १ ऑक्टोबर २०२३ रोजी बाह्य वर्तुळमार्गालगतच्या सायकलमार्गाचे उद्घाटन त्या वेळचे नगरविकासमंत्री के. टी. रामाराव यांच्या हस्ते झाले. नानकरामगुड्याहून पोलीस अकादमीपर्यंत एक फाटा आणि नरसिंगीहून कोल्लूरपर्यंत दुसरा, असा मिळून हा मार्ग २३ किलोमीटरांचा. रुंदी साडेचार मीटर, आणि वर सौर पॅनेलांचे छप्पर. त्याची वीज निर्माण करण्याची क्षमता १६ मेगावॉट. दक्षिण कोरियात देजॉन आणि सेजॉन्ग या दोन शहरांमधील महामार्गाच्या मध्यभागी असाच छपराखालचा सायकलमार्ग आहे, त्यावरून ही कल्पना सुचली.

हे काम वाईट झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल-मे महिन्यांत येथला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सायकलस्वाराच्या डोक्यावर सावली धरावी असे एखाद्या सरकारास वाटले, ही गोष्ट आपल्या देशात सामान्य नव्हे. विजेचे उत्पादन हा तर निव्वळ लाभ. माझी तक्रार मार्गाच्या बांधणीविषयी नाही, त्याच्या पत्त्याविषयी आहे. बाह्य वर्तुळमार्ग हा १५८ किलोमीटरांचा, आठ पदरी, शहराला वळसा घालून जाणारा रस्ता. मोटारसायकललासुद्धा त्यावर मज्जाव. अशा रस्त्याच्या कडेला असलेल्या मार्गावर सायकलने पोहोचावयाचे तर आधी शहरातील सर्व धोके ओलांडावे लागतात. म्हणून रविवारी पहाटे तेथे मोटारींच्या पाठीवर बांधलेल्या सायकली येतात. दोन तास व्यायाम होतो, आणि सायकली पुन्हा मोटारींच्या पाठीवर बसून घरी जातात. ज्या वाहनाचा मोठा गुण असा की त्याला दुसऱ्या वाहनाची गरज नाही, त्याला आपण ओझे करून टाकले.

याच शहराला एकेकाळी सावली कोठे धरावी हे बरोबर समजत होते. १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर, १९१२ मध्ये, निजामाच्या राजवटीत शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाने चारमिनारकडे जाणारा पथरगट्टीचा रस्ता रुंद केला आणि दोन्ही बाजूंस दगडी कमानींची दुकाने उभी केली. गिऱ्हाईक कमानीखालून, उन्हापावसाची पर्वा न करता, एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाऊ शके. मंडळ काही लोकशाहीने निवडलेले नव्हते. पण त्याने सावली तेथे धरली जेथे माणसे चालत होती. आमच्या निवडलेल्या सरकारने ती तेथे धरली जेथे जमीन मोकळी होती. या दोन निर्णयांत जो फरक आहे तोच या लेखाचा विषय होय.

रिकामी जागा हा आपल्या नगररचनेचा मोठा मोह आहे. जागा रिकामी असली की तेथे कोणाचे दुकान हलवावे लागत नाही, कोणाची उभी मोटार काढावी लागत नाही, कोणी नगरसेवक तक्रार घेऊन येत नाही. म्हणून सायकलमार्ग उद्यानांभोवती जातात, तलावांकाठी जातात. मुंबईत पवई तलावाच्या काठावर महानगरपालिकेने असाच मार्ग बांधावयास घेतला. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम पाणथळ जागांच्या नियमांविरुद्ध असल्याचे ठरवून बांधलेले काढून टाकावयास आणि जागा पूर्ववत् करावयास सांगितले. सायकलीसारख्या निरुपद्रवी वस्तूला बेकायदा ठरण्याची पाळी आली, ती तिच्या दोषाने नव्हे. रस्त्यावर तिला जागा द्यावयाची नाही असे मनोमन ठरले की ती बिचारी तळ्यात जाऊन पडते.

आता सायकल चालवितो कोण, हे पाहू. या मासिकाच्या गोव्यातील वाचकांना ते सांगावयास नको. सायकलच्या मागे पावांची टोपली बांधून, भोंगा वाजवीत दारोदार जाणारा पोदेर त्यांनी रोज पाहिला आहे. तो व्यायामासाठी निघालेला नसतो. हैदराबादेतही दूधवाले, वर्तमानपत्रे टाकणारी मुले, रात्रपाळीचे पहारेकरी, सनतनगर, बालानगर, जीडिमेटला, नाचाराम येथील छोट्या कारखान्यांत काम करणारे मजूर यांची सायकल ही उपजीविकेची वस्तू आहे. येथे तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने होती. लोक त्यांना 'सायकल टॅक्सी' म्हणत. त्या नावातच सायकलीचे या शहरातील स्थान सांगितले गेले आहे: ती एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्याचे साधन होती.

आकड्यांवर ज्यांचा विश्वास आहे त्यांच्यासाठी २०११ च्या जनगणनेकडे बोट दाखवितो. शेतीव्यतिरिक्त इतर कामे करणाऱ्या सुमारे २० कोटी भारतीयांना कामावर कसे जाता असे विचारण्यात आले होते. २ कोटी ६० लाखांहून अधिक लोकांनी सायकल सांगितली. मोटारसायकल, स्कूटर व मोपेड मिळून जी संख्या झाली तीही याहून थोडी कमीच होती. मोटार, जीप किंवा व्हॅनने कामावर जाणारे अवघे ५४ लाखांच्या आसपास, म्हणजे सायकलवाल्यांच्या जेमतेम एक पंचमांश. ही गणना जुनी झाली हे मान्य; परंतु २०२१ ची जनगणना झालीच नाही, आणि पुढची २०२७ साठी जाहीर झाली आहे. मधल्या काळात प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या दप्तरात प्रत्येक नव्या मोटारीची नोंद होत राहिली. सायकलीची नोंद कोठेच होत नाही. ज्याचा कागद नाही त्याचा हक्क नाही, हा आपल्या कचेऱ्यांचा अलिखित कायदा येथेही लागू झाला आहे.

पूर्वी निदान कागद तरी होता. पुण्यासारख्या शहरांत नगरपालिका सायकलीवर कर घेई आणि तिच्यावर धातूचा बिल्ला लावी. रात्री दिवा नसला किंवा मागे दुसऱ्याला बसविले तर पोलीस दंड करी. त्या 'डबल सीट'च्या गोष्टी सांगणारी पिढी अजून आपल्यात आहे. कर घ्यावयाचा असेपर्यंत सायकल हे वाहन होते. कर गेला आणि तिचे वाहनपणही गेले.

कायद्याच्या दृष्टीने मात्र ते गेलेले नाही, आणि येथे थोडे धंद्यातले बोलावयास हवे. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सगीर अहमद यांचा दावा आला. उत्तर प्रदेश सरकारला एका मार्गावरील बसवाहतूक स्वतःकडे घ्यावयाची होती आणि खाजगी बसमालकांना दूर सारावयाचे होते. रस्ता सरकारचा, म्हणून त्यावर कोणी चालावे हे सरकार ठरवील, असा एकूण पवित्रा होता. न्यायालयाने तो मानला नाही. सार्वजनिक रस्ता सरकारच्या हाती असतो तो जनतेच्या वतीने, विश्वस्त म्हणून. त्यावरून जाण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आपला हक्क म्हणून आहे. सरकार त्या वापराचे नियमन करू शकते, पण मालकासारखे वागू शकत नाही, असे त्या निर्णयाचे सार आहे.

विश्वस्ताचे एक प्राथमिक कर्तव्य असे की अनेक लाभार्थी असतील तर त्याने त्यांच्यांत निःपक्षपाती असावे. मिळकतीचा सर्व उपभोग एका भावाला आणि दुसऱ्याला गावाबाहेरची पडीक जमीन, असे वाटप करणारा विश्वस्त कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही. शहराचा रस्ता मोटारीला आणि वर्तुळमार्गाची कड सायकलीला, हे वाटप त्याच जातीचे आहे. कोलकात्याच्या पोलिसांनी तर २०१३ साली १७४ रस्त्यांवर सायकलबंदीच लावली होती; ओरड झाल्यावर ती यादी आखूड झाली. हैदराबादने अशी सरसकट बंदी घातलेली नाही, याचे श्रेय द्यावे. येथे बंदीची गरजच पडत नाही. २०२१ साली बालानगर चौकावर मोठा उड्डाणपूल झाला. मोटारी वरून निघून जातात. ज्या कारखान्यांच्या नावाने तो भाग ओळखला जातो तेथला कामगार पुलाखालच्या गर्दीत, बस आणि खांब यांच्यामधल्या फटीतून सायकल काढीत असतो. मनाई कोठेच नाही, आणि वाटही कोठेच नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ मध्ये एक पोटकलम आले. यंत्राविना चालणारी वाहने आणि पादचारी यांच्या रस्त्यावरील वावरासंबंधी नियम करण्याचा अधिकार त्याने राज्यांना दिला. हा अधिकार दुधारी आहे. त्याने सायकलीला संरक्षण देता येईल किंवा तिला हाकलताही येईल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथ हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. जो तर्क पायी चालणाऱ्याला लागू आहे तो दोन चाके पायाने फिरविणाऱ्याला लागू का नसावा, याचे समाधानकारक उत्तर मला तरी सुचत नाही.

मार्ग कोठे असावा याचा निकष शोधण्यासाठी कोरियाला जाण्याचेही कारण नव्हते. भारतीय रस्ते परिषदेने, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसने, १९६२ साली सायकलमार्गांच्या आखणीविषयी एक पुस्तिका काढली. तिच्यात सांगितलेली कसोटी अगदी साधी आहे. ज्या रस्त्यावर ताशी शंभर ते दोनशे मोटारवाहने जातात तेथे गर्दीच्या तासाला चारशे सायकली असतील तर स्वतंत्र मार्ग करावा. मोटारवाहने ताशी दोनशेच्या वर गेली तर केवळ शंभर सायकलींसाठीही तो करणे योग्य. ही पुस्तिका २०१५ मध्ये सुधारण्यात आली. परंतु त्या जुन्या कसोटीमागील विचार पाहा. आधी रस्त्यावर उभे राहून सायकली मोजावयाच्या. मोटारी जितक्या अधिक, तितका सायकलस्वाराचा हक्क बळकट, कारण त्याचा धोका अधिक. आज आपण नेमका उलटा युक्तिवाद करतो: मोटारी फार झाल्या, म्हणून सायकलीला जागा नाही. आणि ताशी दोनशे मोटारवाहने! हैदराबादच्या कोणत्या हमरस्त्यावर आज तासाला दोनशेच वाहने जातात?

या मताविरुद्ध जे बोलले जाते त्यातील दोन गोष्टी विचारार्ह आहेत. बाकीच्या सोडून देतो.

पहिली अशी की शहरातील रस्ते अरुंद आहेत. काही आहेतच. बेगम बाजार, अफजलगंज, चारमिनारभोवतीच्या गल्ल्या येथे वेगळा सायकलमार्ग आखू नये, असेच माझे मत आहे. तेथे हातगाडी, रिक्षा, सायकल, पादचारी सर्व एकाच चालीने जातात. आणि चाल एक असली की भिंतीची गरज नसते. तेथे मोटारीचा वेग आवरला की पुरे. वेगळा मार्ग हवा तो वेगात फार तफावत असेल तेथे, म्हणजे रुंद रस्त्यांवर. आणि रुंद रस्त्यांवर जागा नाही हे म्हणणे पुराव्याला टिकत नाही. दोन्ही कडांना उभ्या असलेल्या मोटारींची एक-एक ओळ मोजा. सायकलमार्गाला कमीत कमी दोन मीटर लागतात, आणि एका उभ्या मोटारीने जवळजवळ तेवढे अडविलेले असतात. स्पेनमधील सेव्हिल शहरात २००६ नंतरच्या काही थोड्या वर्षांत, मुख्य रस्त्यांच्या कडेची मोटारी उभ्या करण्याची जागा घेऊन, एकमेकांना जोडलेल्या सायकलमार्गांचे जाळे उभे राहिले. पूर्वी तेथे जवळजवळ कोणी सायकल चालवीत नसे. मग हजारो लोक चालवू लागले. तेथेही उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, आणि दुकानदारही आपल्यासारखेच भांडकुदळ असावेत.

दुसरी हरकत अधिक सूक्ष्म आहे. ती अशी की गरिबाला सायकल नकोच आहे. चार पैसे हाती आले की तो हप्त्याने मोटारसायकल घेतो. मग तुम्ही त्याच्यासाठी मार्ग का मागता? हे अर्धे खरे आहे. परंतु तो सायकल सोडतो ती का, हेही विचारावे. अंतर वाढले, हे एक कारण. अपमान हे दुसरे; सायकलवाल्याला सिग्नलवर, पेट्रोल पंपाजवळ, साहेबाच्या फाटकावर जी वागणूक मिळते ती त्याला कळत नाही असे नाही. आणि भीती हे तिसरे. ज्या वाटेवर पाऊल टाकण्याची भीती वाटते ती वाट लोकांनी टाकून दिली, म्हणजे लोकांना तिची गरज नव्हती असा निष्कर्ष काढणे हा पुराव्याचा विपर्यास आहे. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे एन्रिके पेन्यालोसा १९९८ ते २००० महापौर असताना गरिबांच्या वस्त्यांतून सायकलींचे आणि पायी चालण्याचे पक्के मार्ग गेले. मोटारींचे रस्ते तेथे अद्याप मातीचे होते. त्यांचे म्हणणे असे की तीस डॉलरच्या सायकलवर बसलेला नागरिक तीस हजार डॉलरच्या मोटारीत बसलेल्या नागरिकाइतकाच महत्त्वाचा आहे, हे मार्ग सांगतो. वर्तुळमार्गालगतच्या मार्गाने काय सांगितले, हे ज्याने त्याने ठरवावे.

येथे पुण्याविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे. कारण सायकलींचे शहर म्हणून मराठी माणूस अजून पुण्याचाच अभिमान बाळगतो. पुण्याने योग्य जागा निवडली होती. सातारा रस्ता, सोलापूर रस्ता यांवर, जलद बसमार्गाच्या योजनेबरोबर, सायकलमार्ग आले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सायकलींसाठी सर्वंकष आराखडाही संमत केला. तरी काय झाले ते पुणेकरांनाच विचारावे. मार्ग पदपथाच्या उंचीवर, वाटेत विजेचा खांब, झाडाचा पार, बसथांबा. पन्नास पावलांवर उतार, पुन्हा चढ. आणि चौक आला की मार्ग गुप्त. सायकलस्वाराचा खरा धोका चौकातच असतो, आणि तेथेच त्याला वाऱ्यावर सोडण्यात आले. म्हणजे योग्य रस्ता निवडला तरी त्या रस्त्यावरची योग्य जागा निवडावी लागते. पदपथ कापून काढलेला सायकलमार्ग हा पादचाऱ्याच्या ताटातला घास आहे. तो मोटारीच्या पदरातूनच निघावयास हवा, कडेला उंच दगड लावून वेगळा केलेला आणि चौकातून सलग पार जाणारा.

हौशी सायकलपटूंशी माझे वैर नाही. त्यांच्या संस्थांनी आवाज उठविला म्हणूनच या शहरात सायकल हा शब्द मंत्रालयापर्यंत पोहोचला, हे नाकारता येत नाही. परंतु त्यांना एक विनंती करावीशी वाटते. मोकळ्या रस्त्यावरील वेग ही त्यांची गरज आहे; त्यांनी ती मागावी. मात्र त्या मागणीची पूर्तता म्हणजे 'शहराचा सायकलप्रश्न सुटला' अशी पावती सरकारला लिहून देऊ नये. दुसऱ्याच्या वतीने तडजोडनाम्यावर सही करावयाची तर त्याचे वकीलपत्र हाती असावे लागते.

मग मार्ग कोठे? माझ्या मते, पहिल्याने कारखान्यांच्या वसाहती आणि मेट्रोची स्थानके यांच्यामध्ये. मेट्रोचा पहिला टप्पा ६९ किलोमीटरांचा आहे आणि तो मियापूर ते एल. बी. नगर व नागोल ते रायदुर्ग असा शहराच्या अंगातून आरपार गेला आहे. बालानगर, मूसापेट, कूकटपल्ली ही स्थानके एका बाजूला कारखान्यांपासून जवळ; हब्शीगुडा आणि उप्पल ही नाचारामपासून जवळ. तीन-चार किलोमीटरांचे हे अंतर पायी फार, रिक्षाला महाग आणि सायकलीला नेमके आहे. स्थानकाखाली सायकल सुरक्षित ठेवता आली तर सकाळचा कामगार लांबच्या वस्तीतूनही मेट्रोने येऊ शकेल. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहने हलविण्यापेक्षा माणसे हलविण्यावर भर दिला होता. त्या वाक्याचा अर्थ या चार किलोमीटरांत लागतो.

आणि छप्पर? ते आम्हांस हवे आहे. तेच पोलादी खांब, तीच पॅनेले बालानगर ते जीडिमेटला या रस्त्याच्या कडेला उभी राहिली तर त्यांची वीज शेजारच्याच लेथ यंत्रांना जाईल, आणि दुपारी दोनची पाळी गाठणाऱ्याला सावली मिळेल. तारा, गटारे, झाडे, दुकानांच्या पाट्या यांमुळे तेथे बांधकाम कठीण आहे, असे अभियंते म्हणतील. ते खरेही असेल. पथरगट्टीही सोपी नव्हती.

तूर्त एवढे तरी करावे. कोणताही नवा मार्ग जाहीर करण्यापूर्वी त्या रस्त्यावरील सायकलींची मोजणी करावी आणि ती मोजणी रस्त्याच्या आराखड्याबरोबर लोकांपुढे ठेवावी. याला परदेशी सल्लागार लागत नाही. दोन माणसे, दोन वह्या आणि सकाळी सात ते दहा ही वेळ एवढे पुरते. सुरुवात बालानगर चौकातल्या त्या पुलाखाली करावी.